घर की वृद्धाश्रम: तुलना नक्की कुणाची कुणाशी?

पुण्यात ज्येष्ठांवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांचा एक आवडता विषय आहे: ‘घरी राहणारे आणि वृद्धाश्रमात राहणारे ज्येष्ठ, एक तुलनात्मक अभ्यास’. पद्धतही ठरलेली. साठ जण इथले, साठ तिथले, नैराश्याची प्रश्नावली, टी-टेस्ट, निष्कर्ष. विषय वाईट नाही. पण या निष्कर्षाकडे आशेने कोण बघतं, याचा विचार करा. आई बाथरूममध्ये दोनदा पडलीय, ब्युरोतून आलेल्या मावशी न सांगता गावी गेल्यात, सुनेच्या रजा संपल्यात. असं घर तुमचा आकडा वाचून निर्णय घेणार, आणि पुढची दहा वर्षं त्याचं ओझं बाळगणार. त्यामुळे आकडा कशाचा आहे हे आधी नीट कळायला हवं.

अडचण अशी की चिठ्ठ्या टाकून कुणी वृद्धाश्रमात जात नाही. जाणारी आणि न जाणारी माणसं मुळातच वेगळी असतात. यालाच सिलेक्शन बायस म्हणतात, हे तुम्ही वाचलं असेलच. पुस्तकात मात्र उदाहरण पाश्चात्त्य नर्सिंग होमचं असतं. तिथे साधारणपणे जास्त परावलंबी माणसं जातात, त्यामुळे साध्या तुलनेत संस्था आहे त्यापेक्षा वाईट दिसते. आपल्याकडे उलटंही होतं. अनेक वृद्धाश्रमांची अटच असते की अर्जदार हिंडता-फिरता, स्वतःचं स्वतः करणारा हवा. अंथरुणाला खिळलेली आजी मग घरीच राहते, नाहीतर शुश्रूषा केंद्रात जाते. अशा वृद्धाश्रमाची घराशी तुलना केलीत तर वृद्धाश्रम उजवा दिसेल, आणि त्यात तिथल्या सेवेचा वाटा किती हे तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणजे परदेशी पेपरमधली ‘मर्यादा’ आपल्या प्रबंधात जशीच्या तशी उतरवली, तर बायसची दिशाच चुकते!

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रवेशाचे नियम मिळवणं. दुसरं, प्रत्येकाचं परावलंबित्व मोजणं. 1963 चा कॅट्झ इंडेक्स अजून चालतो: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण, या सहा गोष्टी. फक्त घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे की कमोड, हे शेजारी लिहून ठेवा. त्याच गुडघ्यांचा माणूस एका घरात स्वावलंबी ठरतो आणि दुसऱ्या घरात परावलंबी.

‘मग लासीचा डेटा वापरू’ असं कुणीतरी म्हणतंच. लासी म्हणजे मुंबईच्या आयआयपीएसने केलेलं वार्धक्याचं मोठं सर्वेक्षण. 2017-18 च्या पहिल्या फेरीत 45 वर्षांवरचे 72 हजारांहून जास्त लोक. डेटा उत्तम आहे, पण नमुना कुटुंबांतून घेतलेला. वृद्धाश्रमातली माणसं त्यात नाहीत, तेव्हा या प्रश्नाची एक बाजूच गायब. जनगणनेत एकमेकांच्या नात्यात नसलेले, संस्थेत राहून सामायिक स्वयंपाकघरात जेवणारे लोक ‘संस्थात्मक कुटुंब’ धरले जातात. आता पुण्यातलीच दोन उदाहरणं घ्या. नवी पेठेतला, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभा राहिलेला ‘निवारा’, आणि ज्येष्ठांसाठी बांधलेल्या ‘अथश्री’ संकुलातला स्वतःचा फ्लॅट. बोलताना दोन्हीकडच्यांना आपण ‘मुलांपासून लांब राहतात’ असंच म्हणतो. आकडेवारीत मात्र एक संस्था, दुसरं सरळ कुटुंब.

जागतिक पुरावा तरी भक्कम असेल असं वाटेल. 2017 च्या कोक्रेन आढाव्यात परावलंबी ज्येष्ठांसाठी घर आणि संस्था यांची तुलना करणारे 10 अभ्यास मिळाले, सगळे श्रीमंत देशांतले. कुठलीही एक पद्धत सुचवण्याइतका चांगला पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मला हे वाचून निराशा नाही, उलट हुरूप आला. पुण्यात करण्यासारखं काम शिल्लक आहे.

माझं मत विचाराल तर ‘घर की संस्था’ हा प्रश्न सोडा आणि निर्णयाचा दिवस पकडा. समजा, खुब्याचं हाड मोडून रुग्णालयातून घरी सोडलेले 75 वर्षांवरचे रुग्ण. सगळे एकाच वळणावर उभे. तिथपासून कोण कुठे गेलं आणि सहा महिन्यांनी काय झालं ते बघा. मुलगा परदेशी आहे का, पेन्शन किती, लिफ्ट आहे का, हे त्याच दिवशी नोंदवा, नंतर नाही. वर्षभर वृद्धाश्रमात राहिलेल्यांपासून सुरुवात केलीत, तर पहिल्या दोन महिन्यांत घरी परतलेले किंवा गेलेले तुम्हाला दिसणारच नाहीत.

आणि परिणाम कुणाचा मोजणार? फक्त आईचा मोजलात तर सून हिशेबातूनच जाते. काळजी घेणाऱ्यावरचा ताण मोजायला झारिट यांची प्रश्नावली आहे, बहुतेक जण 22 प्रश्नांची आवृत्ती वापरतात. ती मात्र सुनेला एकटीला विचारा, जमलं तर घराबाहेर. सासूबाई शेजारच्या खोलीत असतील तर ती ‘आमचं छान चाललंय’ म्हणणार, आणि सासूबाईही तेच म्हणणार.