बापूंचा डाएट प्लॅन

लो कार्ब, रॉ फूड, डिटॉक्स... आपण आज करतोय ते सगळं एक माणूस कधीच करून बसला होता. तेही जाहीरपणे!

‘सोमवारपासून डाएट!’ कॅन्टीनमध्ये वडापाव हातात धरून ही घोषणा तुम्हीही केली असेलच. मग तुम्हाला मोहनदास करमचंद गांधी नक्कीच जवळचे वाटतील. खाण्याचे नियम करायचे, मोडायचे, पुन्हा नवे करायचे, हा उद्योग त्यांनी आयुष्यभर केला.

पीजीतले हाल

राजकोटला शाळेत असताना एका मित्राने त्यांना पटवलं, की इंग्रज मांस खातात म्हणून ताकदवान आहेत. झालं, चोरून बकऱ्याचं मांस खाल्लं. पण रात्रभर पोटात जिवंत बकरी ओरडतेय असं वाटत राहिलं!

1888 मध्ये लंडनला निघताना आईला शब्द दिला: मांस, मद्य आणि परस्त्री वर्ज्य. तिथे घरमालकीण बिचारी काय देणार? ओटची लापशी, पालक, ब्रेड-जॅम. आणखी मागायचा संकोच. पोट काही भरेना. शाकाहारी रेस्टॉरंट शोधत हा पठ्ठ्या रोज दहा-बारा मैल चालायचा. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक सापडलं. तिथेच एका शिलिंगला हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक घेतलं आणि लंडनला आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवण झालं. ते पुस्तक वाचल्यावर आईसाठी पाळलेला नियम स्वतःचा झाला. पुढे ते लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीवरही गेले.

फक्त पाच पदार्थ

1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. 1915 च्या हरिद्वार कुंभमेळ्यात नवं व्रत घेतलं: चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवण नाही. आपली कॅन्टीनची थाळीच पाचाच्या वर जाते!

1929 मध्ये ‘नो कुकिंग’ प्रयोग झाला. भिजवलेलं, कच्चं धान्य आणि भाज्या. परिणाम? आमांश. प्रयोग गुंडाळला. पण गंमत म्हणजे तो फसल्याचंही त्यांनी ‘यंग इंडिया’तून सगळ्यांना सांगितलं.

बा जिंकल्या

सगळ्यात कठीण परीक्षा मात्र त्याआधीच, 1918-19 मध्ये झाली. आमांशाने ते मरणाच्या दारात पोचले. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असं मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितलं. पण दूध न घेण्याचं व्रत होतं ना! तेव्हा शेजारीच असलेल्या कस्तुरबांनी विचारलं, मग बकरीच्या दुधाला काय हरकत आहे? व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती. बापू तयार झाले, जगले.

पण ही पळवाट त्यांना कायम टोचत राहिली. शब्द पाळला, पण व्रताचा आत्मा गेला, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं. इथेच ते आपल्यापेक्षा वेगळे. आपण ‘चीट डे’ला गोड नाव देऊन मोकळे होतो. आणि तरीही एक गोष्ट खरीच: त्या दिवशी बांचं व्यवहारी शहाणपण नसतं, तर नियम वाचला असता, माणूस नाही. डाएट शेवटी शरीरासाठी, शरीर डाएटसाठी नाही!

30 जानेवारी 1948 च्या शेवटच्या जेवणातही बकरीचं दूध होतंच. जोडीला कच्च्या-शिजवलेल्या भाज्या आणि संत्री.

बापूंच्या ताटातून तुमच्या डब्यात

• पॉलिशच्या पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीचा.
• साखरेऐवजी गूळ, तोही बेताने.
• पालेभाजी रोज, थोडी कच्चीही.
• सावकाश, नीट चावून खा. मीटिंग थांबेल!
• कडुलिंबाची चटणी? सेवाग्रामला पाहुण्यांनाही ती चुकली नव्हती. हिंमत असेल तर करून बघा!