यंत्राच्या पोटी यंत्र

यंत्र मोडीत निघाले म्हणजे त्याचे कामही संपते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. उसाचा चरक मोडला की रस निघावयाचा थांबतो. गणकयंत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे काम मुख्यतः आज्ञांच्या नियमांवर चालते. ते नियम तंतोतंत पाळणारे दुसरे साधन मिळाले, तर थांबलेले काम पुन्हा सुरू होऊ शकते. मेनफ्रेम ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या गणकयंत्रांच्या इतिहासात ह्या तत्त्वाचा प्रत्यय दोन वेळा आला.

अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्यातील यंत्रे लहानमोठी होती, परंतु त्यांची आज्ञाभाषा जवळजवळ एकच होती. कोणत्या आज्ञेने काय घडावे, हे एका छापील ग्रंथात नमूद केलेले होते. ते कोणत्या जोडणीने घडवावे, हे मात्र ज्या त्या यंत्राच्या रचनाकारावर सोपविलेले होते. येणेप्रमाणे यंत्राची व्याख्या आणि यंत्राची घडण ह्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

ह्याचा पहिला लाभ मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे, त्या कंपनीच्याच शास्त्रीय केंद्रात घेतला गेला. रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तेथे सी.पी.-४० नावाची नियंत्रक आज्ञावली रचली. मुद्दाम फेरफार केलेल्या ३६०/४० यंत्रावर ती जानेवारी १९६७ मध्ये नित्य वापरात आली. ह्या एकाच यंत्रात एका वेळी चौदापर्यंत आभासी यंत्रे नांदू शकत. प्रत्येक आभासी यंत्रात एक स्वतंत्र कार्यप्रणाली पाहुणी म्हणून राही, आणि सारे यंत्र आपल्या एकटीचेच आहे अशा रीतीने वागे.

हे साधते कसे? ह्या यंत्रांना दोन अवस्था असतात. बेरीज, तुलना अशा साध्या आज्ञा कोणत्याही अवस्थेत चालतात. चकती किंवा मुद्रकयंत्र चालविण्याच्या आज्ञा मात्र केवळ अधिकाराच्या अवस्थेतच चालतात. पाहुण्या प्रणालीला नेहमी साध्या अवस्थेतच ठेवले जाते. तिच्या साध्या आज्ञा यंत्र थेट पार पाडते. तिने घरधन्याचा हक्क बजावू पाहिला की यंत्र तेथेच थांबते व सूत्रे नियंत्रकाकडे देते. नियंत्रक तिची मागणी तपासतो, तिच्या वाट्याच्या चकतीवर ते काम करून देतो, आणि जणू काहीच घडले नाही अशा रीतीने तिला पुढे चालू देतो. एखादी पाहुणी प्रणाली कोसळली, तरी शेजारच्या प्रणालींचे काम अबाधित राहते. म्हणूनच नव्या कार्यप्रणालीची परीक्षा चालू यंत्रावरच, इतरांचे काम न थांबविता घेता येऊ लागली. ह्याच परंपरेतील व्ही.एम./३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली, आणि तिची वंशज झेड/व्ही.एम. आजही वापरात आहे.

दुसरा प्रत्यय ह्याहून नवलाचा होय. केंब्रिजच्या प्रयोगात यजमान आणि पाहुणा एकाच आज्ञाभाषेचे होते. ती भाषा मुळीच न जाणणाऱ्या यंत्रावर काय करावे? रॉजर बोलर ह्यांनी रचलेली व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली हर्क्युलिस ही अनुकारक आज्ञावली ह्या प्रश्नाचे उत्तर देते. ती मेनफ्रेमची प्रत्येक आज्ञा वाचते, तिचा अर्थ लावते आणि तोच परिणाम घरगुती संगणकाच्या आज्ञांनी घडवून आणते. चकतीच्या जागी एक फाईल असते, भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या जागी दुसरी, आणि मुद्रकाचा कागद म्हणजे तिसरी. अक्षरांचेही भाषांतर करावे लागते. मेनफ्रेमच्या लिपीत रोमन ‘ए’ ह्या मोठ्या अक्षराचा अंक १९३ आहे, तर घरगुती संगणकात तो ६५ आहे. एका आज्ञेसाठी यजमानाला अनेक आज्ञा खर्चाव्या लागतात. तरीही आजचे संगणक इतके वेगवान आहेत की १९७० च्या दशकातील मोठ्या यंत्रांचे काम ते टेबलावर सहज पेलतात. त्या काळची एम.व्ही.एस. ३.८ ही कार्यप्रणाली अशा रीतीने आज पुन्हा चालते. इतकेच नव्हे, तर हर्क्युलिसमध्ये व्ही.एम./३७० आणि तिच्या पोटी एम.व्ही.एस., अशी पाहुण्याच्या घरी पाहुण्याची सोयही होते.

मात्र अनुकारकाला मर्यादा आहेत. मिनिटाला ११०० ओळी छापणाऱ्या १४०३ मुद्रकाचा खडखडाट तो परत आणीत नाही. नव्या मेनफ्रेम प्रणाली परवान्याविना चालविता येत नाहीत. आणि ज्या आज्ञावलीची फीत कोणी जपून ठेवली नाही, तिच्यासाठी अनुकारकही निरुपयोगीच होय. एका पिढीने अशा यंत्रांवर बँकांचे हिशेब, विमानांची आरक्षणे आणि शास्त्रीय गणिते सोडविली. ती यंत्रे बहुतांशी भंगारात गेली. त्यांचे नियम छापील होते आणि काही फिती कोणीतरी सांभाळल्या होत्या, म्हणून त्यांचे काम आज पुन्हा पाहावयास मिळते. यंत्र घडविणाऱ्याइतकेच त्याचे नियम स्वच्छ लिहून ठेवणाऱ्याचे व त्याच्या फिती जपणाऱ्याचेही ऋण पुढील पिढीवर राहते.