भेकराच्या शिंगांचे मोजमाप

बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात आढळणाऱ्या भेकराच्या (भुंकल्यासारखा आवाज काढणाऱ्या लहान हरणाच्या) नराची शिंगे लांब दिसली की तो वयाने मोठा आणि उत्तम प्रतीचा समजला जातो. परंतु हा निष्कर्ष ज्या लांबीवर आधारलेला असतो, तिचा बराचसा भाग मुळात शिंगाचा नसतो. कपाळातून वर आलेला, कातडी व केसांनी झाकलेला हाडाचा दांडा (शृंगाधार) कायमचा असतो, तर त्याच्या टोकावरील उघडे, आत वळलेले भरीव शिंग गळून पुन्हा उगवते. म्हणून विळ्याच्या पात्याची लांबी सांगताना मूठ जशी धरत नाहीत, तसेच जुन्या शिकारी नोंदींत शिंग दांड्याच्या वरच्या कडेपासून मोजले जाई.

दर वेळी शिंग गळताना दांड्याच्या टोकाचे थोडे हाडही जात असल्याने वयाबरोबर तो आखूड आणि जाड होत जातो, त्यामुळे उंच व सडपातळ दांडा उलट तरुणपणाचे लक्षण ठरतो. फाट्यांवरून वय मोजणे तर येथे निरर्थकच आहे, कारण बुडाशी असलेल्या छोट्या फाट्यापलीकडे भेकराच्या शिंगाला सहसा फाटे फुटत नाहीत. शिवाय झुंजीत त्याची खरी भिस्त वरच्या लांब सुळ्यांवर असते.

ही पारख आज केवळ निरीक्षणापुरतीच करावी, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार भेकराची शिकार हा गुन्हा आहे. जंगलात गळून पडलेले शिंगही घरी न नेता जागेवरच राहू द्यावे.