समुद्राखालची हौस आणि घाईची खरेदी

मालवण-तारकर्लीच्या सहलीत एखादा तरुण पहिल्यांदा समुद्राखाली उतरतो, तेव्हा त्याच्या अंगावरची एकही वस्तू त्याच्या मालकीची नसते. डोळ्यांवरचा मास्क, तोंडातील रेग्युलेटर, पाठीवरचे सिलिंडर, सारे तेथील व्यावसायिकाचे असते आणि सोबतीला प्रशिक्षक असतो. वर आल्यावर मात्र त्याच्या मनात या छंदाने घर केलेले असते. पुढे काहीजण तारकर्ली, गोवा, मुरुडेश्वरजवळील नेत्राणी किंवा अंदमानातील स्वराज द्वीप येथे रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करतात, १८ मीटरपर्यंत उतरण्याचे प्रमाणपत्र मिळवतात आणि घरी परतताच खरेदीस आरंभ करतात. पैसा वाया जातो तो नेमका याच टप्प्यावर.

गिऱ्हाईक कोण हे ठरण्यापूर्वी दुकानात माल भरावा, तसा हा प्रकार होय. चार-पाच वेळा पाण्यात उतरलेल्या माणसास आपण वर्षातून किती वेळा जाणार, कोणत्या पाण्यात जाणार, आपला श्वास किती लागतो, यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्यात साहित्याविषयीचा बराचसा सल्ला येतो तो ब्रिटन, कॅलिफोर्निया अशा थंड पाण्याच्या प्रदेशांतून. तेथे सात मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख ही गरज असते. आपल्याकडे कोकण, गोवा वा अंदमानचे पाणी बहुधा २७ ते ३० अंश सेल्सिअस असते. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. जाड सूट घेणाऱ्याचा तोटा केवळ उकाड्याचा नसतो. निओप्रीन या रबरात वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात आणि त्यामुळे ते माणसास वर ढकलते. जितका सूट जाड, तितके शिशाचे वजन कमरेला अधिक बांधावे लागते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात, सूटची तरंगण्याची शक्ती घटते, पण कमरेचे शिसे तेवढेच राहते. मग तोल सावरण्यासाठी जॅकेटमध्ये वारंवार हवा भरणे-सोडणे आले आणि सिलिंडरमधील हवा त्यात लवकर संपते.

सर्वाधिक लक्ष द्यावे अशी वस्तू म्हणजे मास्क, आणि नेमका तोच बहुतेकजण चित्र पाहून मागवतात. मास्कची निवड ब्रँडवर नव्हे, चेहऱ्याच्या ठेवणीवर ठरते. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपला. ही परीक्षा दुकानातच होऊ शकते. भरघोस मिशा असणाऱ्यांस तर ती अनिवार्यच, कारण केसांतून पाणी आत झिरपते. चष्मा असणाऱ्यांनी दोन स्वतंत्र काचांचा मास्क घ्यावा, म्हणजे नंबराच्या काचा बसवता येतात. अलीकडे संपूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्कल मास्क विपुल मिळतात. पृष्ठभागावर पोहणाऱ्यांसाठी बनवलेला हा मास्क घालून खोल उतरता येत नाही. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही. नाक धरून कानांतील दाब सारखा करता आला नाही, तर काही मीटरवरच कान असह्य दुखू लागतात. अभ्यासक्रमासाठी हा मास्क घेऊन गेलेल्यास तो पिशवीतच ठेवावा लागतो.

पायांतील फिन्सच्या बाबतीत नवशिके मधोमध चिरलेल्या पात्याला भुलतात. गुडघ्यांना ती हलकी वाटतात आणि सरळ पोहताना त्रास देत नाहीत. परंतु मागे सरकणे, जागच्या जागी वळणे, बेडकाप्रमाणे पाय मारणे ही कसबे त्यांत नीट साधत नाहीत. गाळ असलेल्या तळावर ही कसबे येत नसतील, तर एका फटक्यासरशी गाळ उसळतो आणि मागून येणाऱ्यांस काही दिसेनासे होते.

सिलिंडर स्वतःचे असावे ही इच्छा समजण्यासारखी आहे, व्यवहार्य मात्र नाही. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचे आकारमान सुमारे ११ लिटर असते आणि त्यात २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा सामावते. ही हवा श्वसनयोग्य, तेलाचा अंश नसलेली असावी लागते. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचे ते काम नव्हे. शिवाय ठरावीक मुदतीने दाबचाचणी करून घ्यावी लागते. इतके करून विमानात न्यायचे तर ते रिकामे करूनच. बोटीवर तर डायव्हच्या दरातच भरलेले सिलिंडर मिळते.

याहून गंभीर प्रश्न आपत्कालीन छोट्या बाटलीचा आहे. मनगटाएवढ्या जाडीची ही बाटली ‘हवा संपली तर जीव वाचवील’ या भरवशावर घेतली जाते. तिच्या एका प्रचलित आकारात सुमारे ८५ लिटर हवा असते. हिशेब करून पाहावा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसास ३० मीटर खोलीवर, चार पट दाबामुळे, मिनिटाला ८० लिटर लागतात. म्हणजे बाटली जेमतेम एक मिनिट पुरेल. मिनिटास नऊ मीटर या सुरक्षित गतीने वर येण्यास मात्र तीन मिनिटांहून अधिक काळ हवा. वर येताना गरज हळूहळू घटते हे खरे, तरी एकूण बेरीज दीडशे लिटरांच्या पुढे जाते. १८ मीटरवरून, मन शांत असेल तर, ती कशीबशी पुरेल. आणि हवा संपलेल्या माणसाचे मन शांत नसते. आपल्या दाबमापकाकडे वेळोवेळी पाहणे आणि जोडीदारापासून दूर न जाणे, त्याच्याकडील जादा रेग्युलेटर हाताच्या अंतरावर असणे, हा खरा विमा होय. त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही.

१९४३ मध्ये कूस्तो आणि गान्याँ या फ्रेंच जोडीने सिद्ध केलेल्या तत्त्वावर आजचे रेग्युलेटर चालते. वस्तू टिकाऊ आहे, पण सांभाळ मागणारी. बहुतेक उत्पादक दरवर्षी तपासणी आणि ठरावीक मुदतीने पूर्ण सर्व्हिसिंग सांगतात. वापर झाला नाही तरी आतील रबरी कड्या वाळतात. वर्षातून एका सहलीपुरते पाण्यात जाणाऱ्याने घेतलेले रेग्युलेटर कपाटात पडून राहते, प्रत्येक वर्षी दुरुस्तीचा खर्च मागते आणि घसारा तर चालूच असतो. भाड्याचे येथे स्वस्त पडते. वर्षाला वीस-पंचवीस डायव्ह होऊ लागले की हिशेब बदलतो. तेव्हाही आपण जातो तेथील सिलिंडरच्या झडपेला ते जुळते का, हे आधी विचारावे; स्क्रूने बसणारे आणि पकडीने बसणारे असे दोन प्रकार आहेत आणि अडॅप्टर घरी राहिला की सहल फुकट. जुने रेग्युलेटर घेणाऱ्याने सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरूनच भाव करावा.

डायव्ह कॉम्प्युटर मात्र लवकर घेतल्याचा पश्चात्ताप सहसा होत नाही. खोली आणि वेळ मोजून शरीरात किती नायट्रोजन साठला, आणखी किती वेळ थांबता येईल, हे तो सांगतो. कालच्या आणि सकाळच्या डायव्हची नोंदही त्यात असते. म्हणूनच दुसऱ्याशी वाटून घेण्याची ही वस्तू नव्हे. येथे चूक होते ती वेगळी. अनेक वायुमिश्रणांची सोय असलेले महागडे यंत्र घेतले जाते आणि त्यातील बहुतेक पाने कधी उघडली जात नाहीत. चाळिशी ओलांडलेल्यांनी आकडे किती मोठे दिसतात आणि बॅटरी स्वतः बदलता येते का, एवढे दोनच प्रश्न प्रथम विचारावेत.

पोटरीला बांधायचा लांब सुरा नाटकी दिसतो, पण पाण्याखाली कापावी लागते ती फार तर तुटक्या जाळ्याची दोरी. त्यासाठी तळहातात मावणारा कटर पुरतो, आणि १५ किलोच्या सामानमर्यादेत त्याचे वजन जाणवतही नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली नारिंगी नळी मात्र अनेकांच्या यादीत नसते. पाण्याखालून हवा भरून वर सोडली की ती लाटांवर उभी राहते आणि खाली माणूस आहे हे बोटीवाल्यास कळते. मासेमारीच्या होड्या आणि पर्यटकांच्या वेगवान बोटी एकाच पाण्यात फिरत असतात, तेथे प्रवाहाने बाजूला गेलेल्या डायव्हरचे डोके दुरून दिसत नाही. या नळीची किंमत सुऱ्याहून फारशी अधिक नसते. ती सोडण्याचा सराव मात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात करावा, कारण दोरीत बोट अडकले तर नळी माणसालाच वर ओढते.