लाल गोळीचा माग

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी फुकट मिळते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. आशाताई घरी येऊन विचारतात, गोळी चुकवली नाहीस ना? या गोळीतल्या लोहाचा इतिहास फार जुना आहे. फॉलिक अ‍ॅसिडचा मात्र जेमतेम शंभर वर्षांचा, आणि त्याचा माग काढत गेलं की आपण थेट परळच्या हाफकिन संस्थेत पोचतो.

साल १९२८. जीवनसत्त्व ही कल्पना तेव्हा नवीच होती. जावा बेटावर एइकमन या डच डॉक्टरने सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या होत्या. रोग काही असल्याने जसा होतो, तसा काही नसल्यानेही होतो, हे हळूहळू पटू लागलं होतं. त्याच वर्षी ल्युसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत, याच संस्थेत काम करायला आली. कामगार वस्तीतल्या गरोदर बायांना एक विचित्र पांडुरोग होत होता. बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, कित्येकदा बाळंतपणाच्या सुमारास दगावे. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी बारीक होतात. इथे सूक्ष्मदर्शकाखाली उलटंच दिसे: पेशी थोड्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या.

विल्सने प्रयोगशाळेइतकंच लक्ष बायांच्या जेवणाकडे दिलं. मुंबईतल्या बायांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी तिने एस. एन. तळपदे यांच्यासह १९३० मध्ये प्रसिद्ध केली. जिथे गरिबी जास्त आणि ताटात भाजी, फळं, दूध नावापुरतं, तिथेच हा आजार बोकाळलेला होता. मग तिने तसाच निकृष्ट आहार उंदरांना दिला. उंदरांचं रक्त कमी झालं आणि यीस्टच्या अर्काने ते सुधारलं. सगळं जुळून आलं असं वाटत असतानाच कळलं, की उंदरांचा पांडुरोग उवांतून पसरणाऱ्या जंतूमुळेही होत होता. तेवढ्या प्रयोगांवर आता विसंबता येईना. तिने माकडं घेतली. तोच आहार, तसाच मोठ्या पेशींचा पांडुरोग, आणि औषध म्हणून मार्माइट.

मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळपट, चिकट, खारट अर्क. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो. पण मुंबईतल्या आजारी बायांना तो दिल्यावर रक्तात नव्या पेशी भराभर दिसू लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. तेव्हा पांडुरोगाच्या दुसऱ्या एका प्रकारावर यकृत हा रामबाण उपाय ठरला होता. पण शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्काने मुंबईच्या बाया बऱ्या होईनात, कच्च्या अर्काने आणि मार्माइटने होत. म्हणजे या आजाराला आवर घालणारं द्रव्य काही वेगळंच होतं. त्याला ‘विल्स घटक’ असं नाव पडलं.

त्या द्रव्याचा छडा लागायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळं काढलं आणि त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिलं. ते कारखान्यात तयार करण्याची किमया १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेने साधली. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या पेशी दुभंगून वाढतात, त्यासाठी लागणारा डीएनए फॉलिक अ‍ॅसिडवाचून तयार होत नाही. ते कमी पडलं की अस्थिमज्जेत पेशी नुसत्या फुगतात, दुभंगत नाहीत. मुंबईतल्या त्या मोठ्या पेशींचं रहस्य एवढंच. हेच सूत्र उलटं फिरवून सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिडची वाट अडवणारी रसायनं बनवली. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये त्यातल्या एकाने रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांचा रोग तात्पुरता का होईना, मागे हटवला. मेथोट्रेक्झेट हे त्याच घराण्यातलं औषध.

१९९१ मध्ये या गोष्टीला नवं वळण लागलं. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांत बंद होते. ती उघडी राहिली तर बाळात गंभीर व्यंग येतं. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीत, आधीच्या खेपेला असं व्यंग झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तेव्हा धोका ७२ टक्क्यांनी घटला. १९९८ पासून अमेरिकेत पीठ-पावातच ते मिसळणं सक्तीचं झालं.

आपल्याकडे पांडुरोगाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ मध्ये तो ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ या नावाने नव्याने आला. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या पांडुरोगी स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या ५३ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५७ टक्क्यांवर गेलं. गोळी वाटली म्हणजे घेतली गेली असं नव्हे, आणि घेतली म्हणजे पुरली असंही नव्हे.

न पुरण्याचं एक कारण पुण्याने दाखवलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. भाजी-भाकरी आणि डाळी खाणाऱ्या या बायांत फोलेटची, म्हणजे अन्नातल्या फॉलिक अ‍ॅसिडची, कमतरता क्वचितच आढळली. पण जवळपास दोन तृतीयांश जणींत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते फक्त दूध-दही, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. ज्या मातांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. यावरून एक दुसऱ्याचं कारण आहे असं सिद्ध होत नाही. पण ही दोन जीवनसत्त्वं शरीरात जोडीने काम करतात, हे खरं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंची झीज मात्र चालूच राहते.

मुंबईत फोलेट कमी होतं, पुण्याजवळच्या गावांत बी-१२. उणीव प्रत्येक ठिकाणी वेगळी आणि दोन्हीकडे ती ताटाकडे पाहिल्यावर उलगडली. ल्युसी विल्सने घालून दिलेला धडा हाच, आणि आपले कार्यक्रम गोळ्या मोजण्यात तो विसरतात.

तेव्हा मूल हवं असेल तर फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीच, डॉक्टरांना विचारून सुरू करा; चौथ्या महिन्यातली लाल गोळी रक्तासाठी आहे, गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या नळीसाठी तिला उशीर झालेला असतो. मेथी, पालक, चवळी उकडून पाणी फेकून देऊ नका, फोलेट त्यातच उतरतं. आणि घर शाकाहारी असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ही तपासून घ्या.