तक्ता मागून भरायचा नाही

धरणगावात आमच्या दवाखान्यात जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून आलेली मुलगी वर्षभरात एकदा तरी मला बाजूला घेते आणि विचारते, "ताई, डिग्री ऑनलाइन होते का हो? घरबसल्या?" तिला कुणाचा तरी फोन आलेला असतो. कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठाचं नाव, फी दोन हप्त्यांत, हजेरीची गरज नाही. मी आधी तिला बसवते आणि सांगते, एक रुपया भरू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमावलीत ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने जे शिकवायचं नाही, त्या यादीत नर्सिंग आहे. तरीही नोकरी न सोडता पदवीपर्यंत जायची, मला माहीत असलेली, मान्य वाट एक आहे. इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यतेने तो १९९४ पासून चालतो. नोंदणीकृत नर्स हवी, हाताशी कामाचा अनुभव हवा आणि प्रवेश परीक्षा पास व्हायला हवी.

मी त्या वाटेने गेले. २०१८च्या जानेवारीत प्रवेश घेतला. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. मला चार लागली.

पुस्तकं पोस्टाने आली तेव्हा सासूबाईंनी तो गठ्ठा देवघराशेजारी ठेवला, कारण घरात कोरडी आणि उंच जागा तेवढीच होती. सगळी पुस्तकं इंग्रजीत. मी मराठी शाळेतली, जीएनएमला इंग्रजी पाठ करून पास झालेली. पहिले सहा महिने एक पान वाचायला अर्धा तास लागायचा. मुलगा झोपला की स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसायचं. नळाला पाणी यायचा दिवस असला तर तेही नाही, तेव्हा आधी हंडे, मग पुस्तक. असाइनमेंट हाताने लिहून द्यायची असते, टाइप केलेली चालत नाही. सुरुवातीला याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं, हाताने लिहिताना समजलं नसेल तर वाक्य पुढे सरकतच नाही.

खरा अभ्यास मात्र घरी झाला नाही. तो रात्रपाळीत झाला.

एका रात्री सीओपीडीची, गावात ज्याला दमाच म्हणतात त्या आजाराची, एक आजी दाखल होती. तीसेक वर्षं चुलीच्या धुरात भाकरी भाजलेली, फुप्फुसं कायमची खराब झालेली. मी टेबलावर तिच्याच केसवर शुश्रूषेचा आराखडा लिहीत होते. आजी पलंगावर बसून, पुढे वाकून, उशीवर कोपरं टेकून श्वास घेत होती. तशी बसली की तिला बरं वाटतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी वं माय, इतली रातले?"

"परीक्षा शे, आजी."

"आते? तू त नर्स शेच ना?"

त्याच वेळी तिचा मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, ऑक्सिजन वाढवा ना, किती कमी सोडलाय." बाटलीतलं पाणी सावकाश बुडबुडत होतं, गोळी दोनच्या रेघेवर होती. सात वर्षं मी अशा पेशंटला दोन लिटर लावत होते, कारण केसपेपरवर दोन लिटर लिहिलेलं असायचं. त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचलं होतं की या आजारात शरीर कार्बन डायऑक्साइड साठवत जाऊ शकतं, आणि ऑक्सिजन जास्त सोडला तर तो आणखी वाढून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. म्हणून बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ दिसलं की पुरे, ९८चा हट्ट धरायचा नाही. मी त्या मुलाला त्याच्या भाषेत हे समजावलं. तो ऐकून शांत बसला. "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणून मी आजवर किती जणांना परत पाठवलं होतं, ते त्या रात्री मोजता येईना.

मग प्रसूतीचा विषय आला, आणि तिथे मला स्वतःबद्दल वाईट वाटलं. कळा सुरू झालेल्या बाईचा एक तक्ता असतो, पार्टोग्राफ. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, दहा मिनिटांत किती कळा, दर चार तासांनी गर्भाशयाचं तोंड किती उघडलं. आडव्या-उभ्या रेघांच्या कागदावर खुणा करत जायचं. आम्ही तो भरायचो, पण बाळंतपण झाल्यावर. बाई मोकळी झाली, बाळ रडलं, की चहा घेता घेता मागून खुणा मारून टाकायच्या, सगळ्या सरळ आणि सगळ्या व्यवस्थित. मी हे ज्या दवाखान्यात शिकले तिथे सगळ्याच असं करायच्या. कुणाला चुकीचं वाटत नव्हतं, मलाही नाही.

पुस्तकात या तक्त्याचा इतिहास होता. १९७२ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी त्यावर दोन तिरक्या रेषा आखल्या. दूरच्या छोट्या केंद्रात एकट्या असलेल्या सुईणीला कळावं, आता ही बाई मोठ्या दवाखान्यात पाठवायची वेळ झाली, एवढ्यासाठी. पहिली सावधानतेची. दुसरी तिच्यापासून चार तास पुढे, कृतीची. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. तो कागद आमच्यासारख्यांसाठीच केलेला होता, आणि आम्ही तो ऑडिटसाठी रंगवत होतो.

लॉगबुकात खऱ्या केसेस लागतात, म्हणून मी तक्ता त्या त्या वेळी भरू लागले. पावसाळ्यात एक पहिलटकरीण आली. रात्री अकराला चार सेंटीमीटर. पहाटे तीनला पाहिलं तर पाचच. खूण सावधानतेच्या रेषेच्या पलीकडे गेली. बाळाचे ठोके चांगले होते, बाई बोलत होती, बाहेर तिची आई जपमाळ ओढत होती. पूर्वीची मी असते तर सकाळच्या राउंडची वाट पाहिली असती. मी तीनलाच डॉक्टरांना फोन केला, कागद हातात धरून आकडे वाचून दाखवले. १०८ बोलावली, जळगावला पाठवली. तिथे सिझर झालं. मुलगी झाली.

प्रत्यक्ष कामाच्या वर्गांसाठी मुंबईला जावं लागे. धरणगावहून एसटीने जळगाव, तिथून रात्रीची गाडी, सव्वाचारशे किलोमीटर. डब्यात कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा, तो दुसऱ्या दिवशीही टिकतो. वर्गात कोकणातल्या, विदर्भातल्या, मुंबईच्याच मोठ्या रुग्णालयांतल्या सिस्टर आणि ब्रदर. वीस वर्षं नोकरी झालेली एक परिसेविका माझ्या शेजारी बसून सूक्ष्मजीवशास्त्राच्या आकृत्या काढत होती. या प्रवासासाठी रजा मिळवणं हे अभ्यासापेक्षा कठीण होतं. बदली ड्युटी, दोन सलग रात्री, सणाची सुट्टी सोडून देणं, हे सगळं आधी फेडायचं आणि मग गाडीत बसायचं.

करोनात काही वर्ग मोबाइलवर झाले. त्या वर्षीची जूनची परीक्षा सप्टेंबरात गेली. मोबाइलवर संशोधनाची ओळख, समुपदेशन, पोषण हे विषय नीट कळले, प्रवासही वाचला. म्हणून ऑनलाइन शिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. पण पोटावर हात ठेवून कळ मोजायला पडद्यावरून शिकता येत नाही, आणि शिकले म्हणणाऱ्या नर्सच्या हाती मी माझी सून देणार नाही.

अमेरिकेत नोंदणीकृत नर्सला पुढची पदवी ऑनलाइन घेता येते. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदाच केला, नव्या नर्सने दहा वर्षांत पदवी पूर्ण करावी. यामागे लिंडा एकेन यांच्यासारख्यांचं काम आहे. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून त्यांनी २००३ साली मांडलं की जिथे पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी. मला ते पटतं, कारण माझ्यापुरता फरक मी पाहिला आहे. आपल्याकडे पहिल्या बी.एस्सी. नर्सिंगचे वर्ग १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला सुरू झाले. इतक्या वर्षांनंतरही तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या नर्सला पदवीसाठी घर, पगार आणि पेशंट सोडून दोन वर्षं कॉलेजात जा म्हणणं बरोबर नाही. तिचा पेशंटच तिचं पुस्तक आहे. वर्ग जळगाव-धुळ्यात हवेत, मुंबईत नकोत. आणि रजा हक्काची हवी.

पगार माझा अजून वाढलेला नाही. पदवीचा कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे.

परवा रात्री माझ्याबरोबर नवी मुलगी होती. पहाटे ती तक्ता घेऊन आली, तोंड उतरलेलं. "ताई, दुसऱ्या बाईला सलाइन लावत होते, साडेतीनचे ठोके राहिले. भरून टाकू का? चारचे चांगले आहेत."

"राहिले तर राहिले. मोकळं ठेव, आणि का राहिले ते बाजूला लिही."

तिने पेन उघडलं, कागदाच्या कडेला बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या, आणि साडेचारचे ठोके मोजायला आत गेली.