पेडणे-डिचोली : उतारूच्या वाटेने

बृहन्महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनासाठी गोव्यास जातात. भाड्याची मोटार ठरवावी, मंगेशी-शांतादुर्गा करावी, सायंकाळी समुद्र पाहावा आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी गाठावी, असा बहुधा क्रम असतो. त्यात उत्तरेकडील पेडणे व डिचोली हे दोन तालुके बाजूलाच राहतात. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली, तेव्हापासून अनेकांचे पहिले पाऊल पेडणे तालुक्यातच पडते. पण ते तेथे थांबत नाही. हा मुलूख पाहावा आणि तो बसने व फेरीबोटीने पाहावा, असे वाचकांना सुचवावेसे वाटते. त्यात काटकसर आहेच. परंतु मुख्य कारण निराळे आहे.

नवख्याला पहिली अडचण येते ती नावांची. नकाशावरील रोमन अक्षरे वाचली तर ‘परनेम’, ‘बिचोलिम’, ‘सांकेलिम’ अशी नावे हाती लागतात. अखेरचा ‘म’ उच्चारावयाचा नसतो. पोर्तुगीज लेखनपद्धतीत ती अनुनासिकाची खूण होय. परनेम म्हणजे आपले पेडणे, सांकेलिम म्हणजे साखळी. डिचोलीला तर कोकणीत ‘दिवचल’ म्हणतात. म्हापशाच्या बसस्थानकावर ‘दिवचल, दिवचल’ असा पुकारा चालू असता जो ‘बिचोलिम’ची वाट पाहत उभा राहील, त्याची गाडी निघून जावयाची! यास्तव नकाशा खिशात ठेवावा आणि सरळ मराठीत विचारावे. येथे मराठी शाळा, भजन आणि नाटक यांची परंपरा जुनी आहे. उत्तर कोकणीत आले तरी अडत नाही. ‘खंय’ म्हणजे कुठे आणि ‘देंवप’ म्हणजे उतरणे, एवढे ठाऊक असले की निम्मे काम झाले.

डिचोलीकडे जाण्यास जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून निघावे. फेरीबोट मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर नेते. पायी उतारूस भाडे पडत नाही. बेटाला आजवर पूल नाही, त्यामुळे मोटारवाल्यासही बोटीवाचून गत्यंतर नाही. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे नावाचा भाग लागतो. तेथून दुसरी बोट पलीकडच्या तीरावर, डिचोली तालुक्यात उतरवते, आणि त्या गावाचेही नाव नार्वेच!

दोन तीरांना एकच नाव कसे? गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत जो सप्तकोटेश्वर, त्याचे मूळ देवालय दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. तेव्हा भाविकांनी देव नदीपार नेला, कारण डिचोली त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती. डिचोली व पेडणे हे तालुके त्यांच्याकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. नव्या स्थळीच्या देवालयाचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. अलीकडे गोवा शासनाने पुन्हा जीर्णोद्धार करून ते २०२३ साली खुले केले. मोटारीने वळसा घालून येणाऱ्यास देवालय दिसते. दोन बोटी करून येणाऱ्यास देव ज्या पाण्यापलीकडे गेला ते पाणीही दिसते. १९८० साली स्थापन झालेल्या ‘कदंब’ परिवहन महामंडळाने नाव घेतले तेही याच राजघराण्याचे. मात्र रस्त्यावर खाजगी बसगाड्याही पुष्कळ आहेत. जी आधी येईल ती आपली समजावी.

डिचोलीहून मुळगाव, अस्नोडा या वाटेने म्हापशास यावे आणि गाडी बदलून कोलवाळच्या पुलावरून पेडण्यास जावे. पेडण्याच्या भगवतीच्या दारी दोन भव्य दगडी हत्ती उभे आहेत. कोजागरीच्या सुमारास भरणारी ‘पेडण्याची पुनव’ सर्व गोव्यात प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यात किनाऱ्यावरच्या केरीहून पुन्हा फेरीबोट घ्यावी. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला आहे. तीर सिंधुदुर्गाच्या बाजूचा, पण भूमी गोव्याची! १७४६ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांनी तो घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. गोवा मुक्त होण्यास अजून सात वर्षे होती.

काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. आडगावच्या गाड्या मोजक्या असतात. उतरताच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी. सुटे पैसे जवळ असावेत. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, त्या दिवशी गाड्यांत गर्दी फार. पावसाळ्यात फेरीबोटीची चौकशी करूनच निघावे.

आता ते मुख्य कारण. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी ही घराच्या उंबऱ्याआतली, आजी-आजोबांशी बोलण्यापुरती भाषा वाटते. शाळा दुसऱ्या भाषेत, बाजार तिसऱ्या भाषेत. पेडणे-डिचोलीच्या बसमध्ये मात्र तिकीट मागणे, वाट पुसणे, शेजारच्या आजींना जागा देऊन त्यांच्याकडून गावाची माहिती घेणे, हे सारे त्याच घरच्या भाषेत होते, आणि तेही मुलांनी कधी न पाहिलेल्या मुलखात. मोटारीत चालकाशी वडीलच बोलतात; बसमध्ये मुलाला स्वतः विचारावे लागते. पुढच्या खेपेस कुलदैवताला जाल तेव्हा एक दिवस मोटार सोडा आणि तिकिटाचे पैसे मुलाच्या हाती द्या.